१२ व्होल्टच्या एलईडी पट्टीसाठी घरच्या घरी डिमर: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

देवघर, गौरी-गणपतीची आरास, दुकानाचं शोकेस, पोरांचं अभ्यासाचं टेबल, पलंगामागची भिंत... एलईडी पट्टी आता सगळीकडे पोचली आहे. लावल्यावर दोन दिवसांत कळतं की उजेड जरा जास्तच झालाय. मग प्रश्न सुरू होतात. इथली उत्तरं १२ व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या साध्या एकरंगी पट्ट्यांसाठी आहेत. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यांना यातलं काहीही लावू नका. त्यांचं सर्किट वेगळं आणि धोकाही वेगळा.

पंख्याचा जुना रेग्युलेटर घरात पडून आहे. तोच एसएमपीएसच्या (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणाऱ्या सप्लायच्या) आधी लावला तर चालतंय का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर नीट देतो.

एसएमपीएसचं कामच हे आहे की आत येणारा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी बाहेर बरोबर १२ व्होल्ट द्यायचे. तुम्ही रेग्युलेटर फिरवून आतला व्होल्टेज कमी केला, की तो तेवढंच काम भागवण्यासाठी लाइनमधून जास्त करंट ओढतो. पट्टीचा उजेड तसाच राहतो आणि एसएमपीएस तापतो. आणखी कमी केलं की एका टप्प्यावर तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो आणि पट्टी लुकलुकायला लागते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर एसीची लाट मध्येच कापून देतो. त्या धक्क्यांनी एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरचं आयुष्य घटतं.

उजेड कमी करायचा तो एसएमपीएसच्या पुढे, १२ व्होल्टच्या बाजूला. तिथे काम करताना शॉकची भीतीही नसते. मात्र शॉर्ट झालं तर आग लागू शकते, हे १२ व्होल्टलाही लागू आहे.

मग १२ व्होल्टच्या वायरीत व्हॉल्यूमचा पॉट (नॉब फिरवून रेझिस्टन्स बदलणारा भाग) बसवला की झालं ना?

पॉट जळेल. रेडिओतला साधा पॉट पाव ते अर्धा वॉट सोसतो. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० जातीची पट्टी मीटरला १४.४ वॉट, म्हणजे १.२ अँपिअर घेते. पाच मीटरच्या पूर्ण रोलला ६ अँपिअर लागतात. बारीक एलईडीची ३५२८ जातीची पट्टी मीटरला ४.८ वॉटची असते. तिचा दोन मीटरचा तुकडा घेतला तरी ०.८ अँपिअर झाले. त्यातून फक्त २ व्होल्ट कमी करायचे म्हटलं, तर करंट घटूनही पॉटमध्ये अर्ध्या वॉटच्या वर उष्णता तयार होते.

दुसरी अडचण पट्टीच्या रचनेत आहे. कात्रीची खूण दर तीन एलईडींनंतर असते, ती उगाच नाही. तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी एकेक ओळ असते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९. त्यामुळे सगळा खेळ ९ ते १२ व्होल्टच्या मध्ये चालतो आणि ८ च्या खाली जवळपास अंधार. नॉबच्या थोड्याशा फिरण्यात सगळा उजेड जातो, बाकीचा नॉब फुकट. एलएम ३१७ सारखा व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर आयसी वापरला तर पॉट वाचतो, पण उष्णता तेवढीच निघते आणि ही दुसरी अडचणही तशीच राहते.

मग उजेड मंद करायची बरोबर पद्धत कोणती?

व्होल्टेज १२ चाच ठेवायचा आणि पट्टी सेकंदाला हजारभर वेळा चालू-बंद करायची. प्रत्येक फेरीत ती किती वेळ चालू राहते, तेवढं बदलायचं. वीस टक्के वेळ चालू आणि ऐंशी टक्के वेळ बंद ठेवली, तर सरासरी करंट वीस टक्के. डोळ्याला चालू-बंद दिसत नाही, फक्त कमी उजेड दिसतो. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम म्हणतात.

याची खरी मेख उष्णतेत आहे. चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे मॉस्फेट, पूर्ण चालू असतो तेव्हा त्यावर व्होल्टेज जवळजवळ शून्य आणि पूर्ण बंद असतो तेव्हा करंट शून्य. दोन्ही वेळा त्याच्यात फारशी वीज जळत नाही. म्हणून नखाएवढा भाग सहा अँपिअर सहज हाताळतो.

सर्किट नेमकं कसं जोडायचं?

मी ५५५ टायमरचं सर्किट सांगतो. स्विस अभियंते हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये हा आयसी (चिप) आखला आणि सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये तो बाजारात आणला. पन्नास वर्षं उलटून गेली तरी अशा कामाला त्याच्याइतका सरळ आयसी मला दुसरा वाटत नाही. प्रोग्रॅम लागत नाही, काँप्युटर लागत नाही, आणि बिघडला तर मल्टिमीटरने दहा मिनिटांत दोष सापडतो.

आयसीवरची खाच डावीकडे धरली तर खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ५ ते ८ असे पाय येतात.

पाय १ ग्राउंडला, म्हणजे सप्लायच्या उणे बाजूला. पाय ८ आणि पाय ४ एकत्र करून अधिक १२ व्होल्टला. पाय ५ वरून १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडला. पाय २ आणि ६ एकमेकांना जोडून तिथून दुसरा १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडला. हा दुसरा कपॅसिटर चालू-बंदचा वेग ठरवतो, त्यामुळे चांगल्या प्रतीचा घ्या.

आता पॉट. अधिक १२ व्होल्टपासून पाय ७ पर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. पाय ७ पासून १एन ४१४८ जातीचे दोन डायोड निघतात, पण उलट-सुलट दिशेने. पहिल्याचा काळा पट्टा पाय ७ पासून लांब, म्हणजे पॉटच्या एका टोकाकडे. दुसऱ्याचा काळा पट्टा पाय ७ कडे, त्याचं दुसरं टोक पॉटच्या उरलेल्या टोकाला. पॉट १०० किलोओहमचा. त्याचा मधला पाय आयसीच्या २ आणि ६ च्या जोडाला. कपॅसिटर भरतो तो पॉटच्या एका बाजूने आणि रिकामा होतो तो दुसऱ्या बाजूने. नॉब फिरवला की एका बाजूचा रेझिस्टन्स वाढतो तेवढाच दुसरीकडचा घटतो. म्हणून वेग तोच राहतो आणि चालू-बंदचं प्रमाण मात्र बदलतं.

पाय ३ म्हणजे आउटपुट. तिथून १०० ओहमचा रेझिस्टर मॉस्फेटच्या तीन पायांपैकी (गेट, ड्रेन, सोर्स) गेटला. गेट आणि सोर्सच्या मध्ये १० किलोओहम. सोर्स ग्राउंडला. ड्रेन पट्टीच्या उणे वायरीला. पट्टीची अधिक वायर थेट सप्लायच्या अधिकला. म्हणजे डिमर पट्टीची उणे बाजू कापतो, अधिक बाजूला हात लावत नाही.

शेवटी पाय ८ आणि १ च्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, आणि बोर्डावर १२ व्होल्ट येतात तिथे १००० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक. हे दोन कपॅसिटर लोक बऱ्याचदा गाळतात, आणि मग पट्टी मधूनच थरथरते म्हणून तक्रार येते.

दुकानात काय मागायचं? खर्च किती?

एनई ५५५ आणि त्याचा आठ पायांचा सॉकेट, आयआरएफझेड ४४एन मॉस्फेट, १०० के लिनिअर पॉट आणि नॉब, १एन ४१४८ दोन, वर सांगितलेले रेझिस्टर-कपॅसिटर, झिरो पीसीबीचा (भोकं असलेल्या, सोल्डर करायच्या बोर्डाचा) तुकडा, स्क्रूचे दोन टर्मिनल, फ्यूज होल्डर आणि छोटी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा). सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत बसतं. एसएमपीएस वेगळा, आणि तिथे काटकसर करू नका. पहिल्यांदा करत असाल तर मॉस्फेट दोन घ्या. तो स्वस्त असतो आणि चुकीच्या जोडणीत तोच आधी जातो.

किती अँपिअरचा एसएमपीएस घेऊ?

पट्टीचे मीटर गुणिले मीटरमागचे वॉट, भागिले १२. आलेल्या आकड्यावर किमान पंचवीस टक्के वाढवा. पाच मीटर ५०५० ला ६ अँपिअर लागतात, तर साडेसातचा किंवा सरळ दहाचा घ्या. ‘मी तर निम्म्या उजेडावरच चालवणार’ म्हणून छोटा सप्लाय घेणं चुकीचं. पीडब्ल्यूएममध्ये चालू असण्याच्या त्या क्षणी पट्टी पूर्ण ६ अँपिअरच ओढते. सरासरी कमी असली तरी सप्लायला तो शिखर करंट द्यावा लागतो. शिवाय कुणीतरी नॉब पूर्ण फिरवणारच.

फ्यूज पट्टीच्या करंटच्या थोडा वर ठेवा आणि तो सप्लायच्या अधिक बाजूला, सप्लायच्या जवळ लावा. वायर पाच-सहा अँपिअरला किमान १ चौरस मिलिमीटरची. स्पीकरची पातळ वायर नको.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे टिकेल का?

टिकेल, पण हिशेब करून बनवलं तर. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा फॉल्स सीलिंगच्या आत तर त्याहून जास्त. परदेशी व्हिडिओ पाहून केलेला डिमर तिथल्या पंचवीस अंशांच्या खोलीसाठी असतो.

आयआरएफझेड ४४एन पूर्ण चालू असताना त्याचा रेझिस्टन्स १७.५ मिलिओहम असतो. ५ अँपिअरला त्यात जळणारी वीज म्हणजे ५ गुणिले ५ गुणिले ०.०१७५, सुमारे ०.४४ वॉट. हीटसिंक नसेल तर या आकाराचा मॉस्फेट दर वॉटला सुमारे ६० अंशांनी तापतो. म्हणजे खोलीपेक्षा पंचवीस-तीस अंश जास्त. खोली ४३ ला असेल तर मॉस्फेट सत्तरच्या पुढे. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्सही वाढतो, म्हणजे आणखी थोडं. मॉस्फेटला हे सोसतं, पण प्लॅस्टिकच्या बंद डबीत शेजारच्या कपॅसिटरला सोसत नाही. म्हणून तीन अँपिअरच्या पुढे छोटी हीटसिंक लावाच आणि डबीला वरखाली भोकं ठेवा. मॉस्फेटची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते. दोन मॉस्फेट एकाच हीटसिंकवर असतील किंवा डबी धातूची असेल तर मध्ये अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पातळ तुकडा घाला.

तरी मॉस्फेटपेक्षा माझी काळजी एसएमपीएसची आहे. बऱ्याच एसएमपीएसच्या माहितीपत्रकात ५० अंशांच्या पुढे भार कमी करा असं लिहिलेलं असतं. पंचवीस टक्के जास्तीचा सप्लाय घ्या म्हणून वर सांगितलं, त्याचं हेही एक कारण. शहराच्या पूर्व भागात घरातच माग असेल तर आणखी एक गोष्ट. सुताची धूळ एसएमपीएसच्या जाळीवर थर धरते, हवा अडते आणि ती धूळ पेट घेणारी असते. एसएमपीएस मागाच्या खोलीत ठेवू नका. ठेवावाच लागला तर मेन बंद करून दर आठवड्याला जाळी ब्रशने साफ करा.

आयआरएफझेड ४४एन ऐवजी आयआरएलझेड ४४एन मिळाला. फरक पडतो का?

या सर्किटात नाही. ५५५ ला १२ व्होल्ट दिले की त्याच्या आउटपुटला दहाच्या वर व्होल्ट मिळतात, त्यात दोन्ही मॉस्फेट पूर्ण उघडतात. फरक पडतो तो अर्डुइनोला (प्रोग्रॅम करायच्या छोट्या बोर्डाला) जोडताना. त्याचे ५ व्होल्ट आयआरएफझेडला पुरत नाहीत. तो अर्धवट उघडतो आणि भाजेल एवढा तापतो. तिथे आयआरएलझेडच हवा.

मोबाइलवर व्हिडिओ काढला की आडवे पट्टे दिसतात. आरतीचा व्हिडिओ खराब झाला. काय करावं?

चालू-बंदचा वेग कमी आहे. इंटरनेटवरच्या अनेक सर्किटांत वेग ठरवणारा कपॅसिटर १०० नॅनोफॅरॅडचा असतो, त्याने वेग सेकंदाला सव्वाशे-दीडशे फेऱ्यांच्या आसपास येतो. डोळा सहसा फसतो, कॅमेरा फसत नाही. वर मी १० नॅनोफॅरॅड सांगितला आहे. सूत्राने १४०० हर्ट्झ (सेकंदाला १४०० फेऱ्या) येतात, डायोडमध्ये थोडा व्होल्टेज जात असल्यामुळे प्रत्यक्षात १३०० च्या आसपास.

हा आकडा मुद्दाम निवडला आहे. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ सालच्या शिफारशीप्रमाणे पूर्ण चालू-पूर्ण बंद होणारा प्रकाश १२५० हर्ट्झच्या वर असेल तर डोळे दुखणं, डोकं दुखणं याचा धोका कमी धरला जातो. ३००० हर्ट्झच्या वर कसलाच परिणाम अपेक्षित नसतो. अभ्यासाच्या टेबलावर किंवा तासन्‌तास वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पट्टी लावणार असाल तर १० ऐवजी ३.३ नॅनोफॅरॅड घाला, वेग ४००० च्या जवळ जातो. व्हिडिओतले पट्टेही त्याने बहुतेक जातात. तरीही राहिले तर कॅमेऱ्याचा शटर वेग कमी करून पाहा.

शिलाईच्या युनिटमध्ये मशिनवर अशी मंद करता येणारी पट्टी लावू का? मागावर?

इथे मात्र हात जोडून सांगतो, घाईत निर्णय घेऊ नका. सोलापुरात गणवेश शिवणारी युनिट्स आहेत, पॉवरलूम आहेत, आणि मालक लोक हौसेने एलईडी लावतात. वीज वाचते, ते बरोबरच आहे. पण फिरणाऱ्या यंत्रावर लुकलुकणारा प्रकाश पडला की डोळ्याला यंत्र थांबल्यासारखं दिसू शकतं.

उदाहरण घ्या. शिलाईचं मशिन मिनिटाला ४२०० टाक्यांवर चाललंय. म्हणजे त्याचं चाक सेकंदाला सत्तर फेरे घेतंय. डिमर १४० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक फेऱ्यात प्रकाश बरोबर दोनदा पडतो. चाकावरची खूण दोन जागी स्थिर उभी असलेली दिसेल. मागाची मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झच्या प्रकाशात सहा आऱ्यांची पुली जागच्या जागी उभी वाटेल. आवाजाने कळतं म्हणाल, पण शंभर माग धडधडत असताना एकाचा आवाज कोण वेगळा ऐकणार? तुटलेला धागा पकडायला हात पुढे जातो, तो डोळ्यावर विसंबून.

वेग जास्त असला की हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण प्रकाशाचे ठिपके इतके जवळजवळ पडतात की चित्र एकसंध दिसतं. तरी माझं मत ठाम आहे: फिरणाऱ्या यंत्रावर डिमर लावूच नका. तिथे उजेड कमी करायची गरज नसते. पट्टी थेट चांगल्या एसएमपीएसवर पूर्ण उजेडाला चालवा, फार वाटलं तर लांबी कमी करा. जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूबसुद्धा ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, त्यामुळे तिच्या जागी स्थिर डीसीवरची पट्टी आली तर ती सुधारणाच आहे. डिमर शोरूमच्या भागात लावा. चादरी आणि टॉवेल मांडलेल्या फळीवर मंद उजेड शोभतो.

नॉब निम्म्यावर आणला तरी उजेड निम्मा वाटत नाही. सर्किट चुकलं का?

सर्किट बरोबर आहे, डोळा असाच असतो. खरा प्रकाश १८ टक्क्यांवर आला की डोळ्याला तो निम्मा वाटतो. म्हणून नॉबचा वरचा अर्धा भाग काहीच करत नाही असं वाटतं आणि खालच्या टोकाला सगळं झटकन बदलतं. यावर साधा उपाय: बी खूण असलेल्या लिनिअर पॉटऐवजी ए खूण असलेला लॉग पॉट घ्या. तो आवाजाच्या नॉबसाठी बनवलेला असतो, कानाची तऱ्हाही तीच. जोडल्यावर उलट वाटला तर पॉटची दोन टोकं अदलाबदल करा.

पूर्ण बंद का होत नाही?

१ किलोओहमच्या रेझिस्टरमुळे किमान एक टक्का उजेड राहतो. तो रेझिस्टर काढून तिथे सरळ वायर लावू नका, तशी लावली तर पाय ७ थेट सप्लायवर येऊन आयसी जाईल. बंद करायला वेगळा स्विच लावा, किंवा जुन्या रेडिओत असायचा तसा स्विचसकट पॉट मिळतो, तो घ्या.

मंद केल्यावर एसएमपीएसमधून बारीक शिट्टी ऐकू येते.

एसएमपीएसमधली कॉइल आणि कपॅसिटर डिमरच्या वेगाने थरथरतात. तेराशे हर्ट्झ कानाला स्पष्ट ऐकू येतात, रात्री शांततेत जास्तच. आधी १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावलाय का आणि तो डिमरजवळ आहे का ते पाहा. मग डिमर आणि एसएमपीएसमधली वायर आखूड करा. तरी राहिलं तर वेग ठरवणारा कपॅसिटर ६८० पिकोफॅरॅडचा घाला. वेग कानाच्या पट्टीच्या जवळजवळ बाहेर जातो. इतक्या वेगात मॉस्फेट थोडा जास्त तापतो, तेव्हा गेटचा रेझिस्टर १०० ऐवजी ४७ ओहमचा करा आणि हीटसिंक लावाच.

पट्टीच्या शेवटी उजेड कमी आणि सुरुवातीला जास्त. डिमरचा दोष?

डिमरचा नाही, पट्टीतल्या पातळ तांब्याचा. पाच मीटरच्या पुढे पट्टीला पट्टी जोडत जाऊ नका. प्रत्येक पाच मीटरला डिमरपासून स्वतंत्र जाड वायर न्या, किंवा एकाच पट्टीला दोन्ही टोकांना वायर द्या.

लाइट गेली तर बॅटरीवर चालेल? गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावायचा आहे.

चालेल, आणि डिमरचा सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर रात्री उशिरापर्यंत स्टॉल चालतात. २ अँपिअरची पट्टी १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर पूर्ण उजेडाला जेमतेम अडीच-तीन तास जाते. तीस टक्क्यांवर आणली की सरासरी ०.६ अँपिअर, म्हणजे दहा तासांच्या आसपास. आणि मघाच्या हिशेबाने तीस टक्के म्हणजे डोळ्याला निम्म्याहून जास्त उजेड.

पण बॅटरीचा व्होल्टेज १२ नसतो, हे लक्षात ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट देते, चार्जर किंवा सोलर चालू असताना १४.४ पर्यंत जाते. पट्टीतल्या तीन एलईडी ९ व्होल्ट खातात. १२ व्होल्टला रेझिस्टरवर ३ उरतात, १४.४ ला ५.४. करंट दीडपटीच्या वर जातो आणि पट्टी काही महिन्यांत काळवंडते. नॉब कमी ठेवला तरी चालू असण्याच्या क्षणी करंट तेवढाच जास्त असतो. त्यामुळे चार्ज होत असतानाच पट्टी चालवायची असेल तर मध्ये बक कन्व्हर्टरचं (डीसी व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं) तयार मॉड्यूल लावून ते बरोबर ११ व्होल्टवर बसवा. दोन-अडीच अँपिअरपर्यंत एलएम २५९६ चं मॉड्यूल पुरतं. उजेडात नजरेला भरेल असा फरक पडत नाही. आणि बॅटरी १०.८ च्या खाली उतरू देऊ नका, एवढी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. तिच्या टोकाशी फ्यूज हवाच, कारण एसएमपीएस शॉर्ट झाल्यावर स्वतःला सांभाळतो, बॅटरी नाही.

माझी पट्टी २४ व्होल्टची आहे.

५५५ ला १६ व्होल्टच्या वर देऊ नका. पट्टी आणि मॉस्फेट २४ वर चालू द्या, ५५५ ला ७८१२ रेग्युलेटरमधून १२ व्होल्ट द्या. १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मात्र ५० व्होल्टचा घ्यावा लागेल.

रंग बदलणारी पट्टी? एलईडी पॅनेल?

चार वायरींच्या आरजीबी पट्टीत अधिक वायर एकच असते आणि तीन रंगांच्या उणे वायरी वेगळ्या. प्रत्येकाला स्वतंत्र ५५५ आणि मॉस्फेट लावला की तीन नॉबवर हवा तो रंग मिळतो. ज्या पट्टीत प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवतो, तिच्या प्रत्येक दिव्यात चिप असते. तिचा सप्लाय कापू नका, चिप गोंधळते. छतातल्या पॅनेलला स्वतःचा ड्रायव्हर असतो, त्यालाही हे सर्किट लागू पडत नाही.

सगळं जोडलं, पण बरोबर चालत नाही. कुठून शोधू?

पट्टी काढून ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब ग्राउंडला. पाय ८ वर १२ हवेत. पाय ३ वर प्रोब ठेवून नॉब फिरवा. आकडा शून्याजवळून दहापर्यंत सावकाश चढला-उतरला तर ५५५ चा भाग बरोबर आहे. चढत नसेल तर नव्वद टक्के वेळा डायोड एकाच दिशेने लागलेले असतात.

५५५ ठीक आहे आणि पट्टी मात्र नेहमी पूर्ण उजेडात आहे, असं असेल तर मॉस्फेटचे ड्रेन आणि सोर्स उलट लागले आहेत का पाहा. मॉस्फेटच्या आत एक डायोड असतोच. उलट लावला की करंट त्या डायोडमधून सरळ वाहतो, गेट काहीही म्हणो. छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. पाय बरोबर असूनही तसंच असेल तर मॉस्फेट आतून शॉर्ट झालाय, बदला. पट्टी अजिबात लागत नसेल तर तिचे अधिक-उणे तपासा. उलट जोडलेली पट्टी सहसा खराब होत नाही, फक्त लागत नाही.

मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे ठेवायचं आहे. चालेल का?

जरूर ठेवा. एसएमपीएस नको, १२ व्होल्टची छोटी बॅटरी, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणि वीतभर पट्टी पुरे. मंद होणारा दिवा पाहून परीक्षक पुढे जातील, म्हणून तो मंद का होतो हे दाखवायची सोय करा. वेग ठरवणाऱ्या १० नॅनोफॅरॅडच्या जागी एका स्विचने १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागेल असं जोडा. त्याची उणे बाजू ग्राउंडला. वेग हजारपट कमी होऊन सेकंदाला एखादीच फेरी उरते. नॉब एका टोकाला नेला की पट्टी क्षणभर चमकून बराच वेळ बंद, दुसऱ्या टोकाला नेला की बराच वेळ चालू आणि क्षणभर बंद. मग १ मायक्रोफॅरॅड लावून तेरा फेऱ्या दाखवा, पट्टी थरथरताना दिसेल. मग १० नॅनोफॅरॅडवर या, थरथर गायब आणि फक्त उजेड कमी-जास्त. तीन कपॅसिटर आणि फिरवायचा एक स्विच, मुलीने स्वतः सोल्डर केलेला. मधल्या थरथरणाऱ्या टप्प्यावर जास्त वेळ ठेवू नका, काही मुलांना अशा लुकलुकत्या प्रकाशाने फीट येऊ शकते. तेवढी पाटी टेबलावर लावा.